दोन खोल्यांमधली वायर

ताई,

तेरावा होऊन सहा दिवस झाले. पाहुणे गेले, मांडव सुटला, गावातून आणलेली मोठी पातेली परत गेली. आज सकाळी माझे मालक म्हणाले, "वहिनीची खोली मोकळी करून घे. सोयाबीनची पोती ठेवायला जागा न्हाई." कठोरपणे म्हणाले नाहीत. तुझा धाकटा दीर तुला माहीत आहे, त्यांना वाईट वाटलं की ते कामाचंच काहीतरी बोलतात. मी बरं म्हटलं, किल्ली घेतली आणि इथे येऊन बसले. दुपार झाली. एकही वस्तू जागची हलवलेली नाही.

खिडकीखाली तुझा पहिला कॉम्प्युटर आहे. मूळचा पांढरट रंग आता जुन्या दातासारखा पिवळा पडलाय. त्याच्यावर तो बोजड मॉनिटर, शेजारी कडेला भोकं असलेला कागद ओढणारा प्रिंटर, आणि फळीवर फ्लॉपींचे दोन डबे. एकावर तुझ्या अक्षरात 'चालू' लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'बहुतेक चालू'. ते वाचून मला हसू आलं, मग बराच वेळ रडू आलं. उद्या भंगारवाला येणार आहे. त्याआधी तुझ्याशी एक गोष्ट बोलायची आहे. तू समोर असताना सव्वीस वर्षांत ती माझ्या तोंडून निघाली नाही. म्हणून तुझ्याच एका अर्ध्या कोऱ्या वहीत लिहिते आहे.

मी लोणीहून लग्न होऊन बोरीला आले तेव्हा तुला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. आमच्याकडच्या कोरड्या रानातून मी एकदम उसाच्या गावात आले. पाण्याच्या गावात पडली, पोरीचं भलं झालं, असं आई सगळ्यांना सांगत होती. पहिल्या दिवशी बैठकीत मला एका टेबलावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं काहीतरी दिसलं. त्याला हळदीकुंकू लावलेलं. मला वाटलं टीव्ही. तू कानाशी येऊन म्हणालीस, "टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे. दसऱ्याला पूजा होते. बाकी वर्षभर बसून असतो, माझ्यासारखा."

तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होते. चार-सहा महिन्यांनी तूच म्हणालीस की तुझ्या तोंडून 'तुम्ही' ऐकलं की मला मी सासू झाल्यासारखं वाटतं.

तुझी हकीकत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. मंचरला तुझ्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तू इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लग्नात त्यांनी कपाटाबरोबर तुला हा कॉम्प्युटर दिला, एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. पोरीला नोकरी करू द्या, एवढं त्यांनी आबांकडून, म्हणजे आपल्या सासऱ्यांकडून, कबूलही करून घेतलं होतं. पुढे नारायणगावातल्या एका क्लासने तुला शिकवायला बोलावलं, तेव्हा आबा म्हणाले, "यंत्र घरात हाय की. मंग बाहेर कशापायी जायचं?"

हे सांगताना तू हसत होतीस. "माझ्या बापानं मला आधार म्हणून दिला," म्हणालीस, "आणि आबांनी त्याचंच कुलूप केलं."

आबा वाईट नव्हते. हे मी आजही म्हणते आणि तू नेहमी त्यावर गप्प बसायचीस. सुनांना कधी वर हात केला नाही, ताटात कधी कमी पडू दिलं नाही. फक्त त्यांच्या मनात घराच्या भोवती एक रेघ होती आणि बायकांनी ती ओलांडायची त्यांना गरज दिसत नव्हती. मला त्यांनी कधी रागावून अडवलं नाही. अडवण्याची वेळच येणार नाही असं ते वागायचे. तसं असलं की माणसाला भांडताही येत नाही.

तू मला कॉम्प्युटर शिकवलास तो लाईट नसलेल्या दुपारी. चालू करता येत नव्हता, म्हणून तू स्क्रू काढून त्याचं झाकणच उघडलंस. मी मागे सरकले. तू माझा हात धरून आतल्या हिरव्या पट्टीवर ठेवलास. "घाबरू नको. हे मोडलं तरी जोडता येतं." बारावीपर्यंत कुणी मला एखाद्या वस्तूच्या आत काय आहे हे दाखवलं नव्हतं. लाईट आली तेव्हा तू बटण दाबलंस. काळ्या पडद्यावर आकडे भराभर वर चढायला लागले. मला वाटलं बिघडला. तू म्हणालीस, "स्वतःला किती आठवतं ते मोजतोय." मला ते फार आवडलं. त्यानंतर किती तरी दिवस मी फक्त ते आकडे बघायला बटण दाबायची.

मग दुसरा कॉम्प्युटर आला. कुठल्या तरी कचेरीने काढून टाकलेला तुझ्या वडिलांनी दुरुस्त करून पाठवला. आबांना तू सांगितलंस, धाकटीला शिकायला. आबा लगेच हो म्हणाले. दोन्ही सुनांच्या खोल्यांत सारखं सामान असावं हा त्यांचा नियम होता; तुझ्याकडे आहे तर माझ्याकडेही पाहिजे. पहिला तू तेव्हाच बैठकीतून तुझ्या खोलीत हलवलास. दुसरा अंगणापलीकडे, गोठ्याच्या बाजूच्या माझ्या खोलीत आला. तुझ्या मनात काय आहे ते आबांना कधी कळलं नाही. खरं तर तोवर मलाही कळलं नव्हतं.

तू दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं ठरवलं होतंस. त्यासाठी लागणारं कार्ड दोन्हींच्या पोटात बसवलंस. टीव्हीच्या केबलसारखी काळी जाड वायर मंचरहून आणलीस. पाण्याचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकातून ती बाहेर काढलीस, गोठ्याच्या वळचणीने ओढत आणलीस आणि माझ्या खिडकीतून आत घेतलीस. तू शिडीवर, मी खाली शिडी धरून. हाताने मोजलीस, तीस हात भरली. प्रत्येक टोकाला बोटाच्या पेराएवढं चकचकीत टोपण लावावं लागायचं. "हे एक निघालं तरी दोन्हीकडचं बोलणं बंद," असं तू बजावलंस, म्हणून मी झाडू मारतानाही त्याला हात लावत नसे.

अकरा दिवस काहीच होईना. रोज जेवणं उरकली की तू तुझ्या खोलीत, मी माझ्या, आणि मध्ये अंगणातून तुझा आवाज, "आता बघ. आलं का काही?" सासूबाई विचारायच्या, काय यायचंय? तू म्हणायचीस, करंट. बाराव्या दिवशी माझ्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलेलं: जेवलीस का?

मी धावत अंगणात आले आणि ओरडले, "हो, जेवले."

तू खिडकीतून म्हणालीस, "तोंडानं नको गं. लिहून सांग."

'हो'ची ती दोन इंग्रजी अक्षरं शोधून दाबायला मला किती वेळ लागला ते तू पुढे पूर्वाला रंगवून सांगायचीस. ती माझी लेक, पण तिला हसवायचं काम तुझं.

आपण दोघी एका जागी बसून बोललो की सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. कीबोर्डची टकटक ऐकू आली की मात्र त्यांना वाटायचं कामं चाललीत. गावातल्या लग्नपत्रिकांचे मजकूर, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा असलं आपण खरंच टाईप करायचोही. पण मधेमधे ती चौकट उघडायची. काय लिहायचो आपण? काहीच नाही. आज भाजी काय. मालक बोलले का. पाठ दुखते. मला लोणीला जायचंय. एकदा मी लिहिलं, इथे मला श्वास पुरत नाही. तू लिहिलंस, मलाही. एवढंच. पण ते पडद्यावर दिसलं आणि मला त्या दिवशी श्वास पुरला.

माझं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा मी बोलणं सोडलं. कुणाशीच बोलत नव्हते, तुझ्याशीही नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तू येऊन माझा कॉम्प्युटर चालू करून जायचीस आणि आपल्या खोलीतून लिहायचीस. आज आमटी खारट झाली. आज गाईने बादली उलथली. आबांचा चष्मा सापडत नाहीये, तो त्यांच्या डोक्यावर आहे, मी सांगणार नाही. मी पडल्या-पडल्या वाचायची आणि उत्तर द्यायची नाही. नऊ दिवस तू एकटीच लिहीत होतीस. दहाव्या दिवशी तू पुन्हा आमटीबद्दल लिहिलंस तेव्हा मी उठले आणि लिहिलं, मीठ मी टाकत जाते. तू स्वयंपाकघरात मला बघून फक्त मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवलीस.

ताई, हे उपकार म्हणून सांगत नाहीये. पुढचं समजावं म्हणून सांगते आहे.

त्याच सुमाराला तू मोडेम आणलास, फोनच्या वायरीवरून कॉम्प्युटरवर पत्रं आणणारा डबा. फोन बैठकीत होता. दुपारी आबा आडवे झाले की तू फोनची वायर काढून लांब वायरने आपल्या खोलीत घ्यायचीस. मोडेम जोडला जाताना जो खरखराट आणि शिट्या व्हायच्या, त्याने आबा जागे होऊ नयेत म्हणून त्याच्यावर उशी दाबून धरायची. उशी धरायचं काम माझं. दहा मिनिटांत तू पत्रं उतरवून घ्यायचीस आणि फोन जागच्या जागी. पत्रं कुणाची ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. मला वाटायचं तुझं जग मोठं आहे, त्यात असेल कुणीतरी.

मग तो गुरुवार. माझ्या चौकटीत तू लिहिलंस: सोमवारी चतुर्थी आहे. आपण दोघी ओझरला जाऊ. दर्शन घेऊन तू परत ये. मी येणार नाही.

खाली सविस्तर होतं. पुण्यात तुझ्या वर्गातली मैत्रीण ऑफिसांमधून नेटवर्क टाकायचं काम करत होती. माणसं कमी पडत होती, तिने तुला बोलावलं होतं. राहायची सोय तिच्याकडे. घरी मी सांगायचं की ताई ओझरहून परस्पर मंचरला गेली, वडिलांना बरं नाही. पुढचं तू पुण्याहून बघून घेणार होतीस. मी तीनदा वाचलं. तू विचारलंस, वाचलंस का? मी लिहिलं, हो. येशील ना ओझरपर्यंत? मी लिहिलं, हो. मग तू लिहिलंस, आता पुसून टाक. मी पुसलं.

शनिवारी दुपारी मालक जेवायला बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

मी घाबरले होते. सोमवारी संध्याकाळी सगळे मला घेरून विचारतील, माझ्याने खोटं बोलवणार नाही, मीही त्यात होते असं निघालं तर मला लोणीला पाठवतील. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं आणि पुढेही म्हणत आले. मालकांनी अर्धी भाकरी ताटात टाकली, हात धुतला आणि ते आबांकडे गेले.

सोमवारी सकाळी आपण निघायच्या तयारीत होतो. आबा धुवट कपडे घालून, टोपी नीट करून बाहेर आले. "मीबी येतो," म्हणाले. "सुनांना गणपती दाखवून आणतो." जीप सांगितली होती. तुझ्या हातात एक लहान पिशवी होती. तू ती खाली ठेवायला वळलीस तर आबा म्हणाले, "राहू दे की. घे बरोबर."

देवळात रांगेत तू पुढे, तुझ्या मागे आबा, आबांच्या मागे मी. आबांनी तुझ्या हातात हार दिला, नारळ दिला, पेढे घेतले, आपल्याला उसाचा रस पाजला. एकदाच तू आबांच्या खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी खाली बघितलं. दुपारी जेवायच्या वेळेला आपण घरी होतो.

दुसऱ्या दिवशी फोन बैठकीतून आबांच्या खोलीत गेला आणि खोलीला कडी लागली. कुणी भांडलं नाही, कुणी जाब विचारला नाही. तुझ्या नवऱ्यानेही, आपल्या दादांनीही नाही. दादा त्या आठवड्यात टेम्पो घेऊन बाजारालाच जास्त होते. मी रोज कॉम्प्युटर लावून बसायची. चौकट उघडायची नाही. टोपण निघालंय का म्हणून मी दोन्ही टोकं तपासली. आठव्या दिवशी आलं: चहा ठेवलाय, ये. मी आले. तू कप दिलास आणि म्हणालीस, साखर कमी आहे आज. आपण चहा प्यायलो. त्या सोमवारबद्दल तू पुढे कधी काही बोलली नाहीस आणि मी तर नाहीच.

तू राहिलीस. राहिलीस म्हणजे कशी. गावात इंटरनेट आलं, ऑनलाइन फॉर्मांचे दिवस आले आणि ही खोली भरायला लागली. परीक्षेचे अर्ज, सातबारा, रेल्वेची तिकिटं, नोकरीचे अर्ज. बोरीचीच नाही, आजूबाजूच्या गावांची माणसं अंगणात चपला काढून बसायची. 'कॉम्प्युटरबाई कुठं राहत्यात' असं विचारत यायची. आबा मोठ्या अभिमानाने त्यांना पाणी द्यायचे आणि सांगायचे, आमची थोरली. तू शंभर पोरींचे अर्ज भरून त्यांना पुण्याला, मुंबईला धाडलंस आणि स्वतः या खुर्चीवरून उठून फार तर अंगणापर्यंत गेलीस. ऊस वाढला की बिबट्याच्या भीतीने दिवस मावळायच्या आत सगळ्यांना घरी पिटाळायचीस, दार लावायचीस. मग आतून तुझी टकटक ऐकू यायची. ती ऐकत मी भाकरी थापायची. मला बरं वाटायचं.

मोबाईल आले तेव्हा मी एकदा म्हणाले, आता ती वळचणीची वायर काढून टाकू, तिच्यावरून उंदीर फिरतात. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, आता कशाला पाहिजे? तू म्हणालीस, असू दे. आपलं त्यावरून चांगलं भांडण झालं, लक्षात आहे का? दोन दिवस अबोला. घरात वायफाय घ्यायलाही तूच सगळ्यात शेवटी तयार झालीस. वायर दिसते, कुठं तुटलं ते शोधता येतं, हवेत काय शोधणार, असं म्हणायचीस. ते भांडण तसंच राहिलं. वायर अजून तिथेच आहे.

पूर्वा पुण्याला शिकायला जायचं म्हणाली तेव्हा तिच्या वडिलांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, बघू. आपल्या घरात 'बघू' म्हणजे काय ते आपल्या दोघींना माहीत होतं. आबा तोवर गेले होते, पण त्यांची रेघ होती तिथेच होती. मी वाढत राहिले. तू अंगण ओलांडून आलीस, ओल्या हातांनीच, आणि दाराशी उभी राहून म्हणालीस, "भाऊजी, पूर्वा जाणार." त्यांनी मान वर केली. तू उत्तराची वाट न पाहता परत फिरलीस. पुढच्या आठवड्यात आपण तिघी आळेफाट्याला स्टँडवर उभ्या होतो. तू तिच्या बॅगेत तुझे स्क्रू-ड्रायव्हर घातले होतेस आणि वायरीला पिना बसवायची ती पक्कड. गाडी सुटली तेव्हा तू माझ्याकडे पाठ करून उभी राहिलीस आणि बराच वेळ वळली नाहीस. मला तेव्हा बोलायला हवं होतं. तिथे आपण दोघीच होतो, उन्हात, आणि घाई काहीच नव्हती. मी तुला विचारलं, रस घ्यायचा का.

पूर्वा आज तेच काम करते, मोठ्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळते. तुझ्या दहाव्याला आली होती. या खोलीच्या दारापर्यंत आली आणि आत न येताच परत गेली.

मग शेवटचं दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नारायणगाव. तुझ्या हाताला नळ्या लावून चार तास मशीनशेजारी पडायचं आणि मी स्टुलावर. तू त्या मशीनचा पडदा वाचायचीस. नर्सच्या आधी तुला कळायचं, प्रेशर वाढलंय. एकदा मला म्हणालीस, "हिच्या मागं बघ, नेटवर्कची वायर लावायला जागा आहे. कुणी लावलीच नाहीये." चार तास तू उठू शकत नव्हतीस आणि मी जाऊ शकत नव्हते. यापेक्षा बरी वेळ मला कुठली मिळणार होती? दिवाळीच्या आधी एकदा मी सुरुवात केली. "ताई, त्या सोमवारी, ओझरला..." तू डोळे मिटून होतीस. म्हणालीस, "रेखा, पायावर चादर ओढ. गार वाटतंय." मी चादर ओढली. तू ऐकलं नाहीस असं मी समजले. पुढच्या खेपेला बोलेन म्हटलं. मग तू गेलीस, सकाळी, अंगणातल्या खाटेवर, उन्हात.

इथवर लिहून झालं आणि दादा आले.

दारात उभे राहिले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस." आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते आणि मी असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो. त्यांना दूध घालायला जायचं होतं, किटली शेजारी ठेवली होती. थोडा वेळ त्यांनी नुसता तुझा कॉम्प्युटर पाहिला. मला वाटलं आज नाही बोलले तर आता कधीच नाही. मी म्हणाले, "दादा, तेव्हा ताई पुण्याला निघाली होती. ते घरात मी सांगितलं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठावं हाय."

मग ते बोलायला लागले, थांबत थांबत.

"मीबी जाणार व्हतो. तिनं आधी जायचं, आठ दिवसांनी मी टेम्पो घेऊन जायचं, आसं ठरलं व्हतं आमचं. टेम्पोला तिकडं लई काम व्हतं. मीच म्हनलो व्हतो, माझं कुणाला सांगू नको. रेखालाबी नको."

"मग तुम्ही आबांना का नाही सांगितलं? तुमच्या संमतीनं चालली होती म्हणून?"

"आबा मला म्हनले, बायको पळून चालली व्हती तुझी, मी माघारी आणली. त्यांच्या डोळ्यात पाणी व्हतं. आता त्यांना काय सांगू, मीच धाडली व्हती म्हणून? माझं तोंडच उघडंना." त्यांनी किटलीचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. "ती मला बोलली न्हाई त्यावरून. कधीच न्हाई. बोलली आसती तर बरं झालं आसतं."

मी विचारलं, "माझं तिला कधी कळलं?"

"त्याच दिवशी, ओझरला. मी लई चिडलो व्हतो तुझ्यावर. घरी येऊन तुला विचारणारच व्हतो. तिनं अडवलं. म्हनली, तिला काय बोलायचं न्हाई. तिचं पोर गेलं, आता मीबी चालले व्हते. तिनं दुसरं काय करावं?"

किटली उचलून ते उठले. जाता जाता म्हणाले, "वायर राहू दे वळचणीला. बाकी दे काय द्यायचं ते." आणि दूध घालायला गेले.

ताई, आता मी इथे एकटी आहे. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू माझ्या हातचा चहा घेतलास, माझ्या लेकीला वाढवलंस, मशीनवर पडून माझ्याकडून पायावर चादर ओढून घेतलीस आणि मला माफी मागायला जागा ठेवली नाहीस. दादांना वाटलं मला हलकं वाटेल. मला तसं वाटत नाही. कुणी रागावलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. आता हे घेऊन मी कुणाकडे जाऊ? दादांनी त्यांचं सांगितलं, मी माझं ऐकलं. उद्या सकाळी आम्ही दोघं पुन्हा अंगणात असू, एकमेकांकडे न बघता.

वर मी लिहिलंय की मी घाबरले होते. ते खोडत नाही, पण ते खरं नाही. आबांची भीती मला तेव्हाही फारशी नव्हती. लोणीला पाठवलं असतं तर आईने ठेवून घेतलं असतं. तू लिहिलेलं ते वाक्य, मी येणार नाही, ते मी तीनदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझी खोली आली, अंगण, आणि पलीकडे तुझं बंद दार. तुझ्याविना या घरात मला राहता आलं नसतं. तुला जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी सांगितलं. हे तुला कळलं होतं. मला मात्र ते आज दादांच्या तोंडून ऐकावं लागलं.

आणि तू गेली नाहीस. तुझी सव्वीस वर्षं या खोलीत गेली आणि मी ती रोज अंगणापलीकडून पाहिली. तुझी टकटक ऐकत मी स्वयंपाक केला, पोर वाढवलं, माणसात राहिले. मला वाईट वाटतं, ताई, फार वाटतं. तरी त्यातला एकही दिवस तुला परत द्यावा असं माझ्या मनात येत नाही. हेच तुला सांगायचं होतं, आणि हेच तुझ्या तोंडावर सांगवत नव्हतं.

तुझी,
रेखा